अद्भुतपटाचें संगीत कसें ऐकावें

चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला पुष्कळ गोष्टी आठवतात. घोडेस्वारांची धांव आठवते, डोंगरावरचें बर्फ आठवतें, नायकाच्या डोळ्यांतलें पाणी आठवतें. परंतु या तीन तासांत सुमारें शंभर वादक आणि त्यांच्यामागें उभा असलेला गायकवृंद त्याच्यासाठीं काय वाजवीत व गात होता असें विचारलें, तर "संगीत फार छान होतें" यापलीकडे त्याला सहसा कांहीं सांगतां येत नाहीं. यांत त्याचा दोष थोडाच आहे. चित्रपटाचें पार्श्वसंगीत प्रेक्षकाच्या नकळत त्याच्या मनावर परिणाम करण्यासाठींच योजलेलें असतें. तें कानांवर पडतें, पण ऐकलें जात नाहीं. कानांवर पडणें आणि ऐकणें या दोन क्रिया निराळ्या आहेत; आणि त्यांच्यामधील अंतर केवढें मोठें आहे, हें एखाद्या विशिष्ट संगीताच्या आधारें पाहिलें म्हणजे स्पष्ट होतें.

या कामीं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुतरम्य चित्रपटत्रयीच्या संगीताइतकें सोयीचें उदाहरण क्वचितच सांपडेल. मूळ कादंबरी ऑक्सफर्ड येथील भाषापंडित प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांची. ती १९५४ व १९५५ या सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनीं तिच्यावरून काढलेले तीन चित्रपट २००१, २००२ व २००३ या सालांच्या डिसेंबरांत प्रदर्शित झाले. तिहींचें संगीत हॉवर्ड शोअर यांचें आहे. शोअर यांचा जन्म कॅनडांतील टोरोंटो शहरीं १९४६ सालीं झाला. या कामापूर्वीं 'द सायलेन्स ऑफ द लँब्ज' (१९९१) यासारख्या काळोख्या, भयकारी चित्रपटांचे संगीतकार म्हणून त्यांचें नांव झालें होतें. या त्रयीचें संगीत त्यांनीं स्वतः रचलें, कोणता स्वर कोणत्या वाद्यानें वाजवावयाचा हेंहि स्वतःच ठरविलें, आणि वाद्यवृंदापुढें उभें राहून संचालनहि स्वतःच केलें. पहिल्या व तिसऱ्या चित्रपटांच्या संगीतासाठीं त्यांना ऑस्कर पारितोषिकें मिळालीं.

कथा थोडक्यांत अशी. शायर नांवाच्या एका हिरव्यागार, सुखवस्तु मुलखांत हॉबिट नांवाचे ठेंगणे, शेतीवाडींत रमणारे लोक राहतात. त्यांच्यापैकीं फ्रोडो या तरुणाकडे वारशानें सोन्याची एक आंगठी येते. ती एका दुष्ट सत्ताधीशाची असून तिच्या बळावर तो सर्व जगाला दास्यांत लोटूं शकतो. ज्या ज्वालामुखी पर्वताच्या अग्नींत ती घडविली गेली, त्याच अग्नींत ती टाकल्याखेरीज तिचा नाश होणार नाहीं. हें काम अंगावर घेऊन फ्रोडो निघतो. त्याच्यासह नऊ जणांची मंडळी जमते, वाटेंत ती फुटते, आणि अखेरीस फ्रोडो व त्याचा एकनिष्ठ माळी सॅम हे दोघेच त्या पर्वतापर्यंत जाऊन पोहोंचतात.

आतां, रागसंगीतावर पोसलेल्या श्रोत्याची अशा संगीताविषयीं एक तक्रार असते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. एखादी सुरावट मनांत भरते न भरते तोंच ती संपते. तिचा विस्तार नाहीं, बढत नाहीं, तिच्याशीं खेळणें नाहीं. पाश्चात्य अभिजात संगीताचे कित्येक रसिकहि वेगळ्या शब्दांत हेंच म्हणतात: हें संगीत चित्राचें चाकर आहे, दृश्य संपलें कीं तें संपलें. रचनेची पद्धति पाहिली तर या आक्षेपांत तथ्य दिसतें. चित्रपट बहुतांशीं जुळवून झाल्यावर संगीतकार त्याच्यापुढें बसतो, प्रत्येक प्रसंग किती मिनिटें व किती सेकंद चालतो हें मोजतो, आणि तितक्याच लांबीचा संगीताचा तुकडा लिहितो. ध्वनिमुद्रणाच्या वेळीं संचालकाची एक नजर वादकांवर आणि दुसरी समोरच्या पडद्यावर असते. तरवार उपसली जाते त्या क्षणींच तुतारी वाजली पाहिजे. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर तो तुकडा पुन्हां वाजवावा लागतो. अशा बेड्या पायांत असतांना संगीतानें विस्तार करावा तरी कोठें?

याचें उत्तर असें कीं हा विस्तार एका बैठकींत होत नसून कथेच्या ओघांत होतो. ज्यानें नारदीय कीर्तन ऐकलें आहे त्याला हें समजणें कठीण जाऊं नये. कीर्तनकार पूर्वरंगांत एक अभंग लावतो आणि त्याचें निरूपण करतो. पुढें उत्तररंगांत आख्यान लागतें. राजे येतात, वनवास येतात, सत्त्वपरीक्षा येतात. शेवटीं कीर्तनकार त्याच अभंगावर परत येतो. शब्द तेच, चालहि तीच. पण प्रारंभीं जो चरण नुसता कानांवरून गेला होता, तोच आतां श्रोत्यांचे डोळे पाणावून जातो. अभंगांत कांहीं बदललेलें नसतें. मध्यें जें घडलें त्याची आठवण त्याला येऊन चिकटलेली असते. अद्भुतपटाच्या संगीताचें मर्म नेमकें येथें आहे. त्यांतील सुरावटीचा अर्थ तिच्या स्वरांत थोडा असतो. त्याहून अधिक तो तिच्या इतिहासांत असतो.

पाश्चात्य रंगभूमीवर ही युक्ति पूर्णत्वास नेली ती जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यांनीं. त्यांच्या 'डेर रिंग डेस निबेलुंगेन' या चार संगीतनाटकांच्या मालिकेचा पहिला समग्र प्रयोग १८७६ सालीं बायरॉइट येथें झाला. तिच्यांतहि एक शापित आंगठी आहे. पात्र, वस्तु किंवा भावना यांच्याशीं एकेक लहान सुरावट बांधून टाकावयाची आणि नाटकभर ती निरनिराळ्या रूपांत परत आणावयाची, या पद्धतीला 'लाइटमोटिफ' असें नांव आहे. बोलपट सुरू झाले तेव्हां प्रारंभींची कांहीं वर्षें निर्मात्यांना अशी धास्ती होती कीं, पडद्यावर वादक दिसत नसतां संगीत ऐकूं आलें तर प्रेक्षक गोंधळतील. व्हिएन्ना येथें जन्मलेले मॅक्स स्टायनर यांनीं १९३३ सालच्या 'किंग काँग' या अद्भुतपटासाठीं पूर्ण वाद्यवृंदाचें संगीत रचलें, आणि ही धास्ती फोल असल्याचें दिसून आलें. कापड, रबर आणि सशाचें कातडें यांचा तो महाकाय वानर खरा वाटूं लागला, याचें पुष्कळसें श्रेय त्या संगीताकडे जातें. अद्भुतपटाला संगीताची गरज अधिक असते ती याच कारणानें. जें जगांत नाहीं त्यावर डोळा सहज विश्वास ठेवीत नाहीं. पण कान एकदां विरघळला कीं मग डोळाहि फारशी हुज्जत घालीत नाहीं.

शोअर यांनीं हा वारसा उचलला आणि फार मोठ्या प्रमाणावर राबविला. त्यांच्या तिन्ही चित्रपटांत मिळून अशा सुरावटी ८० हून अधिक आहेत. परंतु त्या सर्व ओळखण्याच्या भानगडींत नवख्या श्रोत्यानें पडूं नये. चारपांच नीट ओळखीच्या झाल्या तरी पुरे.

पहिली सुरावट शायरची. चित्रपटाच्या प्रारंभीं हिरव्या टेंकड्या, गोल दारांचीं घरें आणि शेतांत राबणारे हॉबिट दिसूं लागतात तेव्हां ती साध्या पत्र्याच्या बांसरीवर आणि फिडलवर वाजते. तिची पहिली ओळ आपल्या स्वरलिपींत लिहिली तर सा, रे, ग, मग प, आणि पुन्हां ग, रे अशी उतरते. हे पांचसहा स्वर ऐकतांच मराठी श्रोत्याच्या मनांत भूप डोकावून जातो, आणि हें साहजिक आहे. जगांतील पुष्कळ लोकसंगीतांना हे स्वर जवळचे आहेत. अंगाईपासून आरतीपर्यंत कोठेंहि ते शोभतात. पुढच्या ओळींत निषाद आणि मध्यम येतात व भूपाचा भास विरतो; पण घरगुतीपणा कायम राहतो. या सुरावटींत एकहि अवघड जागा नाहीं. शाळेंतल्या पोरानें दोन दिवसांत वाजवावी अशी ती आहे, आणि संगीतकाराला हेंच हवें आहे. घर म्हणजे काय, हें त्यानें या चार ओळींत सांगून ठेविलें आहे. पुढचे नऊदहा तास जें जें कांहीं गमावलें जाणार आहे, त्याचें माप म्हणून तिच्याकडे पाहावयाचें आहे.

तिच्या नेमकी उलट सुरावट आयझेनगार्डची. तेथें एक विद्वान् जादुगार लोभानें शत्रूला मिळालेला आहे. तो झाडें तोडून भट्ट्या पेटवितो आणि सैन्य घडवितो. त्याच्या संगीतांत खर्जांतले ब्रास-वाद्यांचे आवाज आहेत, मोठे नगारे आहेत, ऐरणीवर आणि धातूच्या पट्ट्यांवर पडणारे घाव आहेत. पण खरी खुबी लयींत आहे. हें संगीत पांच मात्रांच्या आवर्तनांत चालतें. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाएवढे हे पांच आपल्या कानांना अपरिचित नाहींत. परंतु पाश्चात्य श्रोत्याची संवय बहुतेक दोन, तीन वा चार मात्रांची. शिवाय ही चाल कूच करणाऱ्या फौजेची आहे, आणि माणसाला पाय दोनच. पांच मात्रांवर कूच करूं गेल्यास पहिल्या आवर्तनाची सम उजव्या पायावर आली तर दुसऱ्याची डाव्यावर येणार. म्हणजे या चालीवर माणसाची पलटण सरळ चालूंच शकत नाहीं. जें चालत येत आहे तें माणूस नव्हे, हें प्रेक्षकाला शब्दावांचून आणि त्याच्या नकळत कळतें. घरीं ऐकतांना मांडीवर बोटांनीं एक ते पांच मोजून पाहावें. त्या यंत्राचें पोलादी हृदय हातांत सांपडल्यासारखें वाटतें.

वाद्यांची निवडहि अशीच अर्थपूर्ण आहे. बहुतेक ध्वनिमुद्रण लंडन फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रा या १९३२ सालीं स्थापन झालेल्या वाद्यवृंदाकडून झालें. त्याच्या नेहमींच्या ताफ्यांत शोअर यांनीं ठिकठिकाणच्या लोकवाद्यांची भर घातली. रोहान या घोडेस्वारांच्या देशासाठीं त्यांनीं नॉर्वेचें हार्डँगर फिडल योजलें. या वाद्यांत गजानें वाजविण्याच्या तारांखालीं आणखी तारांचा एक संच असतो. त्याला कोणी स्पर्श करीत नाहीं, तो आपोआप झंकारतो. सारंगीच्या किंवा सतारीच्या तरफा ज्यानें ऐकल्या आहेत त्याला हा झंकार ओळखण्यास वेळ लागणार नाहीं. राजा वृद्ध झालेला, तरुण राजपुत्र नुकताच वारलेला, माळावर वारा सुटलेला. अशा प्रसंगीं या फिडलचा एकाकी सूर मागें झंकार ठेवीत जातो, तेव्हां त्या देशाचें वैभव आणि त्याची उतरती कळा एकाच वेळीं कानीं येते. मॉर्डोर या शत्रुदेशासाठीं उत्तर आफ्रिकेंतील ऱ्हाइटा हें वाद्य आहे. तें जातीनें आपल्या सनईचेंच भावंड, दुहेरी पत्तीचें. पण येथें त्याला मंगलतेचा स्पर्श नाहीं. तोच चिरका, टोंचणारा आवाज कार्यघरीं ऐकला तर सनई आणि शत्रूच्या वेशींत ऐकला तर धोक्याची हांक. वाद्य आपण होऊन शुभ वा अशुभ नसतें, हा धडा येथें आयताच मिळतो.

गायकवृंदाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तो जे शब्द गातो ते बहुतांशीं टॉल्किन यांनीं स्वतः निर्मिलेल्या भाषांमधील आहेत, आणि रोहानच्या प्रसंगीं प्राचीन इंग्रजींतील आहेत. ते श्रोत्याला कळत नाहींत आणि कळावे अशी अपेक्षाहि नाहीं. तराण्यांतील 'नोम्', 'तोम्', 'दिर्'चा अर्थ कोणी विचारीत नाहीं, तसाच हा प्रकार. मोरिया नांवाच्या भूमिगत, ओसाड नगरींत मंडळी शिरते तेथें धीरगंभीर पुरुषी आवाजांचा एक मेळा ऐकूं येतो. हे खर्जांतले आवाज न्यूझीलंडच्या बाजूच्या माओरी व अन्य पॉलिनेशियन गायकांचे आहेत, आणि या भागाचें कांहीं मुद्रण न्यूझीलंड सिंफनी ऑर्केस्ट्रासह वेलिंग्टनच्या टाउन हॉलमध्यें झालें. याउलट आंगठी जेव्हां एखाद्याला मोहांत पाडते, तेव्हां लहान मुलांचे निर्मळ आवाज गातात. पाप कर्कश आवाजांत बोलत नाहीं, गोड आवाजांत बोलतें, ही गोष्ट येथें कोणत्याहि सुभाषितावांचून सांगितलेली आहे.

आतां त्या नऊ जणांच्या मंडळीची सुरावट पाहावी. या संगीताची बढत समजून घेण्यास तिच्याइतकी उपयुक्त दुसरी नाहीं. फ्रोडो आणि सॅम घर सोडून शेतांतून चालूं लागतात तेव्हां ती प्रथम येते, पण अर्धवट, हळू आवाजांत, जणूं तिचा तिलाच विश्वास नाहीं. वाटेंत सोबती मिळत जातात तसतसा तिच्यांत जोर येतो. सभा भरते, चार हॉबिट, दोन माणसें, एक यक्षजातीय धनुर्धर, एक बुटका योद्धा आणि एक जादुगार असे नऊ जण एकत्र येतात, आणि त्या वेळीं ती प्रथमच सबंध ऐकूं येते. पुढें मंडळी डोंगराच्या कडेवरून एका रांगेनें जाऊं लागते तेव्हां हॉर्न, तुतारी आणि ट्राँबोन तिला पूर्ण बळानें उचलून धरतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतें, आतां हीच या चित्रपटाची विजयघोषणा. ती अशीच वारंवार येणार.

पण ती तशी येत नाहीं. मोरियांतील पुलावर जादुगार गॅन्डाल्फ कोसळतो. बाकीचे बाहेर उजेडांत येऊन खडकांवर बसून रडतात. तेथें शस्त्रांचा, पावलांचा, रडण्याचाहि आवाज ऐकूं येत नाहीं. सर्व ध्वनि मागें सारून केवळ शोकाचें गाणें उरतें. त्यानंतर मंडळीची ती सुरावट पूर्वीच्या निर्धास्त रूपांत या चित्रपटांत पुन्हां येत नाहीं. तिचे तुकडे येतात. मध्येंच सुरू होऊन ती थांबते, दुसऱ्याच सुरांत मिसळून जाते. जें मंडळीचें झालें तेंच सुरावटीचें झालें. ज्या श्रोत्यानें तिचें पूर्ण रूप ध्यानांत ठेविलें आहे त्यालाच हें तुटणें ऐकूं येतें. इतरांना नुसतें थोडें उदास वाटतें. कानांवर पडणें आणि ऐकणें यांमधील अंतर तें हें.

याच्या उलट दिशेनें गेलेली सुरावट गॉन्डोर या जुन्या राज्याची. पहिल्या चित्रपटांतील सभेंत बोरोमिर हा वीर आपल्या देशाविषयीं बोलूं लागतो, तेव्हां एकच हॉर्न ती हळूच वाजवितो. प्रेक्षकाचें लक्ष त्याच्या बोलण्याकडे असतें. सुरावट कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. बोरोमिर पुढें मोह पावतो, पश्चात्तापानें लढतो आणि मारला जातो. आपलें शहर त्याच्या दृष्टीस पुन्हां पडत नाहीं. थेट दोन वर्षांनीं प्रदर्शित झालेल्या तिसऱ्या चित्रपटांत तें शुभ्र शहर प्रेक्षकाला प्रथम समीप दिसतें. पांढऱ्या घोड्यावरून गॅन्डाल्फ सात तटांच्या वाटेनें वर चढत जातो, आणि तीच सुरावट सर्व ब्रास-वाद्यें मिळून वाजवितात. त्यानंतर मदतीची हांक म्हणून पर्वतशिखरांवर एकामागून एक अग्नि पेटत जातात, तेथेंहि ती परत येते. शब्द जवळजवळ नाहींतच, केवळ हिमशिखरें, ज्वाळा आणि वाद्यवृंद. चित्रपटगृहांत त्या क्षणीं अंगावर कांटा उभा राहतो. पण तो कांटा केवळ आवाज मोठा झाल्यामुळें आलेला नसतो. सभेंतल्या त्या एकाकी हॉर्ननें जें स्वप्न सांगितलें होतें तें आतां प्रत्यक्ष उभें राहिलें, आणि स्वप्न पाहणारा मात्र हयात नाहीं, ही जाणीव त्यामागें असते. लहान रूप आधीं ऐकलें नसेल तर मोठ्या रूपाला नुसताच गाजावाजा म्हणावा लागेल.

संगीत कोठें नाहीं याकडेहि कान द्यावा. तिसऱ्या चित्रपटांत गॉन्डोरचा कारभारी आपल्या धाकट्या मुलाला निश्चित मरणाच्या चढाईवर धाडतो आणि स्वतः भोजनाला बसतो. तो जवळच्या तरुण हॉबिटाला गाणें म्हणावयास सांगतो. तो पोरगा घाबरत घाबरत गातो. वाद्यवृंद जवळजवळ पूर्ण गप्प असतो. घोडदौड दिसते पण टापा ऐकूं येत नाहींत. या गाण्याचे शब्द टॉल्किन यांच्या ग्रंथांतून घेतलेले, आणि चाल ती भूमिका करणारे नट बिली बॉइड यांनीं स्वतः बांधलेली आहे. शंभर वादक हाताशीं असतांना त्यांना थांबवून एका साध्या गळ्याला पुढें करणें, यालाहि संगीतकाराचा विवेक लागतो. भरलेल्या मैफलींत पखवाजी हात थांबवितो आणि नुसत्या तंबोऱ्यावर सूर उरतो, तेव्हां जें होतें तें येथें होतें.

हें सर्व घरीं ऐकावयाचें तर कसें? या तिन्ही चित्रपटांचें संपूर्ण संगीत २००५ ते २००७ या काळांत स्वतंत्रपणें प्रसिद्ध झालें. तें सुमारें दहा तासांचें आहे. एवढें सलग ऐकण्याचा हट्ट कोणी धरूं नये. शोअर यांनीं त्यांतून सहा भागांची, सुमारें दोन तासांची एक सिंफनीहि रचली असून तिचा पहिला प्रयोग २००३ सालीं वेलिंग्टन येथें झाला. २००८ सालापासून मोठ्या सभागृहांत चित्रपट दाखवून त्याचें संगीत समोर प्रत्यक्ष वाजविण्याचेहि प्रयोग होत आलेले आहेत. घरच्या श्रोत्यानें प्रथम चित्रपट पाहावा. मग पहिल्या चित्रपटाच्या संगीताचा एखादा तास, चित्र डोळ्यांपुढें न ठेवतां, हातांतलें काम बाजूला ठेवून ऐकावा. शायरची सुरावट कोठें येते आणि प्रत्येक वेळीं ती कोणतें वाद्य वाजवितें एवढेंच टिपावें. दुसऱ्या दिवशीं पांच मात्रा मोजाव्या, तिसऱ्या दिवशीं मंडळीची सुरावट कोठें तुटते तें शोधावें. घरांत मुलें असतील तर हा शोध त्यांच्यावर सोंपवावा. त्यांचे कान मोठ्यांहून तल्लख असतात आणि जिंकण्याची हौसहि अधिक असते. मग पुन्हां चित्रपट पाहावा. प्रसंग तेच असतात, पण प्रेक्षक तो राहिलेला नसतो.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कथेच्या शेवटच्या टप्प्यांत आहे. फ्रोडो आणि सॅम ज्वालामुखीच्या उतारावर पडलेले आहेत. पाणी संपलेलें, ओठ फुटलेले, चालवत नाहीं. सॅम त्याला घराची आठवण करून देतो. तेथें आतां वसंत आला असेल, फळबागा फुलल्या असतील असें सांगतो. फ्रोडोला कांहींच आठवत नाहीं. अन्नाची चव, पाण्याचा आवाज, गवताचा स्पर्श, सर्व त्या आंगठीनें पुसून टाकलें आहे. ज्या घरासाठीं त्यानें एवढें सोसलें तेंच त्याच्या मनांतून गेलें आहे. त्या राखेच्या डोंगरावर वाद्यवृंद एक सुरावट वाजवितो, अगदीं मंद, बांसरीवर. ती शायरची असते. पहिल्या चित्रपटाच्या पहिल्या घटकेंत हिरव्या टेंकड्यांवर ऐकलेली तीच साधी सुरावट.

फ्रोडोला ती ऐकूं येत नाहीं. पडद्यावरील कोणालाच पार्श्वसंगीत ऐकूं येत नसतें. ती ऐकूं येते फक्त श्रोत्याला. म्हणजे त्या क्षणीं घराची आठवण जपण्याचें काम संगीतकारानें श्रोत्याकडे सोंपविलेलें असतें. जो नुसता बसला होता त्याच्या कानांवरून एक गोड बांसरी निघून जाते. ज्यानें प्रारंभापासून ऐकलें आहे त्याला मात्र ती टेंकडी दिसते, तें गोल दार दिसतें, आणि आपल्यासमोर पडलेल्या या दमलेल्या जीवानें काय गमावलें हें त्याच्याहून अधिक स्पष्टपणें कळतें. माणूस थकतो तेव्हां त्याच्या वतीनें कोणीतरी आठवण ठेवावी लागते. संगीताकडे कान देऊन बसलेला श्रोता, पडद्यावरच्या खोट्या माणसासाठीं कां होईना, तेंच काम करीत असतो. आणि एकदां ती संवय लागली कीं ती चित्रपटगृहाच्या दारांत संपत नाहीं.